यंत्राची वही वाचायला शिकू या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'रजिस्टर' हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. शाळेत हजेरीचं रजिस्टर असतं, ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूचं असतं, दवाखान्यात बाह्यरुग्णांचं असतं. कुणी आलं, कुणी गेलं, किती दिलं, किती राहिलं, हे सगळं त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. वाद झाला की आपण म्हणतो, "रजिस्टर काढा." आज मी ज्या रजिस्टरबद्दल बोलणार आहे, ते कागदाचं नाही. ते विहिरीवरच्या पंपाशेजारी, कारखान्यातल्या यंत्राशेजारी भिंतीवर टांगलेल्या एका पेटीत असतं. ती पेटी सेकंदाला अनेक वेळा त्यात नोंद करते. मात्र ही वही आपल्यापैकी फार थोडे लोक उघडतात. ती कशी उघडायची, आणि उघडता आली तर आपल्या हातात काय येतं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी ही पेटी म्हणजे काय ते पाहू. तिला ड्राइव्ह म्हणतात. वायरमन मंडळी 'व्हीएफडी' म्हणतात, कुणी 'एसी ड्राइव्ह' म्हणतं. आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. साधी मोटार या ५० हेलकाव्यांना बांधलेली असते. चालू केली की पूर्ण वेगानं फिरणार, नाहीतर बंद. ड्राइव्ह काय करतो? आलेली वीज आधी सरळ म्हणजे डीसी करतो, ती मोठ्या कपॅसिटरमध्ये थोपवून धरतो, आणि मग तिच्यापासून आपल्याला हव्या तितक्या हेलकाव्यांची वीज नव्यानं तयार करून मोटारीला देतो. २० हेलकावे दिले तर मोटार सावकाश फिरते, ४० दिले तर बऱ्यापैकी, ५० दिले तर पूर्ण. डहाणू रोडहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसल्यावर गाडी हलताना खालून एक चढत जाणारा सूर ऐकू येतो ना, तोही अशाच प्रकारच्या, आकारानं फार मोठ्या यंत्रणेचा आवाज असतो.

हे ड्राइव्ह आता सगळीकडे पसरले आहेत. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, पलीकडे उंबरगाव, वापीला कारखान्यांतून ते आहेत. उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये आहेत, नळपाणी योजनांच्या पंपघरांत आहेत. सौर कृषी पंपाबरोबर जो कंट्रोलर मिळतो, तोही बहुतेक वेळा याच जातीचा असतो. फरक इतकाच की त्याला वीज तारेतून न येता पॅनेलमधून येते. म्हणजे डहाणू-तलासरीच्या पाड्यावरच्या शेतकऱ्याच्या बांधावर आज जी पेटी उभी आहे, तिच्यातही अशी एक वही आहे.

आता सरावलीसारख्या गावातली एक चिकूची वाडी डोळ्यांसमोर आणा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची कीर्ती दूरवर गेली. पण झाडाला मानांकनाचं पाणी चालत नाही. उन्हाळ्यात त्याला विहिरीचं पाणीच लागतं. समजा, एप्रिल महिना आहे. पंप सकाळी चालू होतो, तासाभरानं बंद पडतो. पेटीवर लाल दिवा लुकलुकतो. बटण दाबलं की पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो. मग काय होतं? एक जण म्हणतो मोटार जळायला आली. दुसरा म्हणतो विहिरीचं पाणी उतरलं. तिसरा म्हणतो व्होल्टेज नाही. चौथा सांगतो, पेटीच बाद झाली, नवी घ्या. मोटार वर काढायची म्हणजे माणसं लागतात, दिवस मोडतो, खर्च होतो. एवढं करून मोटार ठणठणीत निघाली तर? आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत आठवडा गेला तर तेवढे दिवस झाडं कोरडी.

या चौघांपैकी बरोबर कोण आहे, हे त्या पेटीला ठाऊक असतं. मोटारीला किती हेलकाव्यांची वीज चालली आहे, ती किती अँपिअर ओढते आहे, आतल्या डीसी भागात किती व्होल्ट आहेत, पेटी किती तापली आहे, शेवटचा बिघाड कोणता होता, हे सारं तिच्या रजिस्टरांत लिहिलेलं असतं. पेटीच्या छोट्या पडद्यावर यातला एखादा आकडा दिसतो, बटणं दाबून दुसरा पाहता येतो. पण माणूस तिथे दिवसभर उभा राहू शकत नाही, आणि नेमका बिघाडाच्या क्षणाचा आकडा हुकतो. म्हणून पेटीला तारेवरून विचारायचं, दर पाच सेकंदांनी विचारायचं, आणि मिळालेली उत्तरं लिहून ठेवायची. यालाच सीरियल कम्युनिकेशन म्हणतात. सीरियल म्हणजे एकामागून एक. एसटीच्या दारातून माणसं जशी एकेक करून उतरतात, तशी माहितीची एकेक खूण तारेवरून जाते.

यासाठी लागतं काय? पेटीच्या खालच्या बाजूला दोन स्क्रू किंवा टेलिफोनच्या खाचेसारखी एक खाच असते. तिथून दोन तारा निघतात. या जोडणीच्या पद्धतीचं नाव आरएस-४८५. तिचं प्रमाण १९८३ साली ठरलं. या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो, आणि त्या पिळातच सगळी गंमत आहे. संदेश दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकात असतो. बाहेरून विजेचा गोंधळ आला तर तो दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, आणि फरक काढताना निघून जातो. दोन माणसं एकाच होडीत बसलेली असली की लाटेनं दोघंही एकदम वरखाली होतात; त्यांच्या उंचीतला फरक मात्र तोच राहतो. तसंच हे. म्हणून कमी वेगात हा संदेश सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येतो, आणि मूळ प्रमाणाप्रमाणे एकाच जोडीवर ३२ यंत्रं बसू शकतात. वाडीतल्या पंपापासून घराच्या ओट्यापर्यंतचं अंतर यात सहज मावतं.

तार झाली, आता भाषा. या तारेवर बहुतेक ड्राइव्ह जी भाषा बोलतात तिचं नाव मॉडबस. अमेरिकेतल्या मॉडिकॉन या कंपनीनं ती १९७९ मध्ये आपल्या कारखानी नियंत्रकांसाठी तयार केली. भाषा अगदी साधी, आणि तिचे नियम सर्वांना खुले. त्यामुळे जपान, तैवान, डेन्मार्क, भारत, कुठलाही ड्राइव्ह घ्या, मॉडबस बहुधा सापडतंच. पुढे २००४ मध्ये या भाषेचे हक्क एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवले गेले. त्या काळच्या संगणकाच्या जगात जन्मून अजून रोजच्या कामात असलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक.

या भाषेचा शिरस्ता शाळेतल्या हजेरीसारखा आहे. वर्गात गुरुजी एकच. गुरुजींनी क्रमांक पुकारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. ज्याचा क्रमांक पुकारला, त्यानंच उत्तर द्यायचं. इथे गुरुजींच्या जागी आपला संगणक, आणि मुलांच्या जागी ड्राइव्ह. प्रत्येक ड्राइव्हला १ ते २४७ मधला एक क्रमांक दिलेला असतो. पूर्वी या दोघांना मालक आणि गुलाम अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते; २०२० मध्ये त्या संस्थेनं ते बदलून मागणारा आणि पुरवणारा अशा अर्थाचे शब्द घेतले. जुन्या पुस्तिकांत मात्र जुनेच शब्द दिसतील.

आता प्रत्यक्ष प्रश्न कसा विचारतात ते पाहू. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे यात काही नाही. डेल्टा या तैवानी कंपनीच्या अनेक ड्राइव्हमध्ये मोटारीला चाललेली प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी, म्हणजे हेलकाव्यांची संख्या, ८४५१ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये असते. आपला संगणक तारेवर काही अंक पाठवतो: १, ३, ३३, ३, ०, १. पहिला १ म्हणजे 'एक नंबरच्या ड्राइव्हा, तुला विचारतोय.' पुढचा ३ म्हणजे 'वाचायचं आहे.' मग ३३ आणि ३ मिळून रजिस्टरचा पत्ता: ३३ ला २५६ ने गुणायचं आणि ३ मिळवायचे, झाले ८४५१. शेवटचे ० आणि १ म्हणजे 'एकच रजिस्टर दे.' यांच्यामागे पडताळणीचे आणखी दोन अंक जातात. ते आधीच्या अंकांवरूनच एका ठरलेल्या गणितानं काढलेले असतात. वाटेत एखादा अंक बिघडला तर हा हिशेब जुळत नाही, आणि ड्राइव्ह उत्तरच देत नाही. चुकीचं ऐकून काहीतरी बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, हा त्याचा शहाणपणा.

उत्तर येतं: १, ३, २, १८, १९२, आणि पुन्हा पडताळणीचे दोन अंक. 'मी एक नंबर, वाचून सांगतोय, दोन अंकांचं उत्तर आहे, १८ आणि १९२.' पुन्हा तोच हिशेब: १८ गुणिले २५६ अधिक १९२, म्हणजे ४,८००. हा सगळा संवाद सेकंदाच्या लहानशा अंशात आटोपतो. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता ४,८०० म्हणजे काय? रजिस्टर एकक सांगत नाही आणि दशांशचिन्हही सांगत नाही. पुस्तिकेत पाहिलं की कळतं, हा आकडा शंभराव्या भागात आहे, म्हणजे ४८.०० हर्ट्झ. त्याच पुस्तिकेत शेजारचं रजिस्टर, जे विद्युतप्रवाह दाखवतं, ते दहाव्या भागात असू शकतं. तिथे ७४ आले तर ते ७.४ अँपिअर. घड्याळजीला काटे दाखवतात, पण तास कुठला आणि मिनिट कुठलं हे आधी माहीत असावं लागतं, तसंच हे आहे. नुसता आकडा म्हणजे माहिती नव्हे.

इथे नवखा माणूस कुठे कुठे अडखळतो, तेही सांगून ठेवतो.

पहिली अडचण एकच्या फरकाची. काही पुस्तिका रजिस्टरांची मोजणी एकपासून करतात, तर तारेवर मोजणी शून्यापासून होते. त्यामुळे आपण विचारतो एक, उत्तर येतं शेजाऱ्याचं. आता गंमत पाहा. वर सांगितलेल्या ८४५१ च्या अलीकडे, ८४५० मध्ये, 'मागितलेली' फ्रिक्वेन्सी असते. पंप बंद पडलेला असला तरी मागणी ५० चीच राहिलेली असू शकते. एकनं चुकलेला माणूस पडद्यावर ५०.०० पाहतो आणि म्हणतो, सगळं ठीक चाललंय! चुकीचा आकडा नेहमी वेडावाकडा दिसतो असं नाही. कधी कधी तो अगदी शहाण्यासारखा दिसतो, आणि तोच जास्त फसवतो. म्हणून आकडा पहिल्यांदा वाचला की पेटीच्या पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. वेग थोडा कमी-जास्त करावा, दोन्ही आकडे बरोबरीनं हलतात का बघावं.

दुसरी अडचण ऋण आकड्यांची. एका रजिस्टरमध्ये ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावतात. मग उणे १० कसे लिहायचे? ते ६५,५२६ असे लिहिले जातात. ६५,५३६ वजा केले की उणे १० मिळतात. हे माहीत नसेल तर माणूस पासष्ट हजारांचा आकडा पाहून हादरतो.

तिसरी, मोठ्या आकड्यांची. एकूण किती वीज वापरली, यासारखा आकडा एका रजिस्टरमध्ये मावत नाही, म्हणून दोन रजिस्टरांत तोडून ठेवतात. एकात १ आणि दुसऱ्यात ३४,४६४ असेल तर ६५,५३६ अधिक ३४,४६४, म्हणजे बरोबर १,००,०००. पण कुठलं आधी आणि कुठलं मागून, याबाबत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही. उलट जोडलं तर एक लाखाचे सव्वादोनशे कोटी होतात.

आणि चौथी, साध्या जोडणीची. दोन्हीकडे बोलण्याचा वेग सारखा हवा. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे १९२०० असेल तर संवाद होणार नाही. दोन तारांना ए आणि बी म्हणतात, पण एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी असू शकतो. उत्तर आलं नाही तर घाबरून न जाता दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. यानं काही बिघडत नाही. लांबच्या तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावावा, नाहीतर संदेश टोकाला आपटून परत येतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. आणि ही बारीक तार मोटारीच्या जाड केबलला चिकटून कधीही नेऊ नये. ड्राइव्हपासून मोटारीकडे जाणारी केबल विजेचा फार गोंगाट करते.

इतकं जमलं की मग आपल्या वाडीकडे परत येऊ. संगणक दर पाच सेकंदांनी विचारतो आहे आणि उत्तरं लिहितो आहे. तासाभरानं पंप बंद पडला. आता मागची पानं उलटायची.

समजा, पंप थांबण्याआधी प्रवाह हळूहळू निम्म्यावर आला, फ्रिक्वेन्सी मात्र तीच होती. मोटार फिरते आहे, पण तिला काम उरलेलं नाही. म्हणजे विहिरीचं पाणी उतरलं, पंप कोरडा चालला. मोटार काढायची नाही. वेग कमी करायचा, किंवा विहिरीत पाणी भरायला वेळ द्यायचा. आणि समुद्रकाठच्या गावात हे आणखी महत्त्वाचं. विहीर बेसुमार उपसली तर खारं पाणी आत ओढलं जाण्याची भीती असते. तो कमी झालेला प्रवाह एका अर्थी विहिरीचा निरोप असतो.

समजा, प्रवाह चढत गेला आणि पेटीनं जास्त भाराचा कोड नोंदवला. मग पंपात काही अडकलं असेल, बेअरिंग गेलं असेल. आता मोटार काढणं योग्य.

समजा, प्रवाह ठीक आहे, पण आतल्या डीसी भागाचं व्होल्टेज घसरलं. ढोबळ हिशेब असा की तीन फेजच्या विजेच्या व्होल्टेजला १.४ ने गुणलं की हा आकडा येतो. ४१५ व्होल्ट असतील तर सुमारे ५८०. सकाळी ५८० होते, दहा वाजता शेजारपाजारचे पंप सुरू झाले आणि ४७५ वर आले. म्हणजे बाहेरून येणारी वीज ३४० व्होल्टच्या आसपास घसरली. एका मर्यादेखाली पेटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. यात दोष मोटारीचाही नाही आणि पेटीचाही नाही. आणि आता वीज कार्यालयात जाऊन "व्होल्टेज कमी येतं हो" असं मोघम सांगायची गरज नाही. तारीख, वेळ आणि आकडे लिहिलेला कागदच पुढे ठेवता येतो. तक्रार आणि पुरावा यांत जो फरक असतो, तो हाच.

आणि समजा, पेटीचं तापमान दुपारी बाराच्या पुढे चढत गेलं. मग तिच्या मागचे पंखे पाहा, जाळीत अडकलेला कचरा काढा, पत्र्याच्या खोपटात वारा खेळेल असं करा. एवढ्यानं काम होऊ शकतं.

पाहा, लाल दिवा एकच होता. पण त्यामागे चार कारणं असू शकत होती, आणि चारांचे उपाय चार. कुठला उपाय करायचा, हे त्या वहीनं सांगितलं.

बिघाड नसतानाही ही वही उपयोगी पडते. पंप-पंख्यांचा एक नियम आहे: वेग थोडा कमी केला की वीज बरीच कमी लागते. वेग ८० टक्के केला तर लागणारी शक्ती साधारण ५१ टक्क्यांवर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. खोल विहिरीतून पाणी उचलायचं असेल तर इतकी बचत होत नाही, आणि वेग फार कमी केला तर पाणी वरच चढत नाही. मग आपल्या विहिरीला नेमका कुठला वेग परवडतो? हे पुस्तकात सापडणार नाही. चार वेगांवर पंप चालवून, पाणी मोजून, शक्तीचं रजिस्टर वाचूनच ते कळेल.

आता एक इशारा. वाचणं निराळं आणि लिहिणं निराळं. याच तारेवरून ड्राइव्हला आज्ञाही देता येते: चालू हो, बंद हो, वेग वाढव. वाचायच्या आज्ञेचा अंक ३ आहे, लिहायच्या आज्ञेचे ६ आणि १६. मूळ मॉडबसमध्ये परवलीचा शब्द नाही. जो तारेवर आला त्याची आज्ञा यंत्र पाळतं. त्यामुळे दूर घरात बसून कुणी चुकून पंप सुरू केला आणि त्याच वेळी विहिरीवर कुणी पट्टा किंवा कपलिंग हाताळत असेल, तर काय होईल ते सांगायला नको. शिकताना फक्त वाचावं. आणि पेटीचं झाकण उघडायचं असेल तर वीज बंद करून पेटीवर लिहिलेली मिनिटं थांबावं. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही प्राणघातक व्होल्टेज काही काळ राहतं. हे काम जाणत्या वायरमनचंच.

श्रोतेहो, आता मुद्द्याची गोष्ट. ही वही कुणाची?

केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून २०१९ पासून, आणि महाराष्ट्रात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून, शेतावर सौर पंप बसू लागले. या राज्य योजनेत जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला किमतीचा ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. डहाणू आणि तलासरी हे आदिवासीबहुल तालुके. त्यांच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट. सरकारी योजनांतल्या सौर पंपांना दूरनिरीक्षणाची सोय ठेवलेली असते. म्हणजे एक छोटं यंत्र ड्राइव्हची रजिस्टरं वाचतं आणि मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणकाकडे पाठवतं. ही सोय चांगलीच आहे. पण जो आकडा शेकडो किलोमीटर दूरच्या कचेरीत दिसतो, तो पंपाच्या मालकाला बांधावर दिसला तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल. रेंज नसलेल्या पाड्यावर तर त्या बारीक दोन ताराच उपयोगी पडतील.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांची. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि तिथल्या कारखानदारीवर मर्यादा आल्या. त्यामुळे बागा, झाडं टिकायला आधार मिळाला. पण नोकरीसाठी पोरांना सकाळची गाडी धरून बोईसर, उंबरगाव, वापी गाठावं लागतं. आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला मोटार बांधता येते, स्टार्टर जोडता येतो. त्याला रजिस्टर वाचताही आलं, तर कारखान्यात त्याची किंमत वाढेल, आणि गावात राहायचं ठरवलं तर गावातले पंप त्याच्या हाती सुरक्षित राहतील. यासाठी मोठं भांडवल लागत नाही. संगणकाला आरएस-४८५ जोडणारा खटका काही शे रुपयांत मिळतो, जुना लॅपटॉप चालतो, आणि मॉडबस वाचणाऱ्या आज्ञावली फुकट उपलब्ध आहेत. अडचण आहे ती पुस्तिकेची. पुस्तिका इंग्रजीत, शेकडो पानांची, आणि रजिस्टरांचा तक्ता बहुधा शेवटच्या पानांत. पण त्यातली कामाची रजिस्टरं सहा-सातच असतात. ती मराठीत एका पानावर मावतात.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. ड्राइव्ह किंवा सौर पंप घेताना, पावतीबरोबर रजिस्टरांचा तक्ता मागून घ्या. 'कम्युनिकेशनची पानं द्या' एवढं म्हटलं तरी पुरे. दुसरं, त्या तक्त्यातल्या फ्रिक्वेन्सी, प्रवाह, डीसी व्होल्टेज, तापमान, शक्ती आणि बिघाडाचा कोड या सहा ओळी मराठीत लिहून, प्रत्येकीपुढे पत्ता आणि भागाकार घालून, तो कागद प्लॅस्टिकमध्ये पेटीच्या आत चिकटवा.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. पंप नवा असताना, विहीर भरलेली असताना, सगळं सुरळीत चाललेलं असताना ते सहा आकडे वाचा आणि तारखेसह त्याच कागदावर लिहून ठेवा. आजारी माणसाचा ताप मोजताना डॉक्टरला निरोगी माणसाचं तापमान आधी माहीत असतं. पंपाच्या बाबतीत ते कुठल्या पुस्तकात नसतं, कारण प्रत्येक विहीर निराळी, प्रत्येक पाइप निराळा. चांगल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवलेला नसेल, तर वाईट दिवशी वाचलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. पावसाळा संपून विहिरी भरलेल्या असतात आणि पाणी सुरू करायची वेळ येते, तो या नोंदीचा चांगला मुहूर्त. पाच मिनिटांचं काम आहे.